पायाखालचं कोमट पाणी

शनिवारी रात्री जेवणं आटोपून आम्ही सगळे दारं-खिडक्या लावून बसलो होतो. जानेवारीतली थंडी, सासूबाईंच्या अंगावर शाल आणि शालीवर गोधडी. तेवढ्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे सकाळ होती. तो अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या हॉलंड नावाच्या गावात राहतो. वस्तीने आपल्या यावलएवढं असेल. रात्रभर बर्फ पडला होता आणि अजून पडतच होता. त्याने फोन फिरवून दाखवला. छपरं पांढरी, उभ्या गाड्यांचे नुसते ढिगारे झालेले, झाडांच्या उघड्या फांद्यांवर बर्फाच्या रेघा. आणि या सगळ्याच्या मधून जाणारा बाजाराचा रस्ता मात्र काळाभोर, नुकता पावसात भिजल्यासारखा. दोन्ही कडेचे विटांचे फुटपाथही तसेच, ओले पण मोकळे. बर्फाची भुरभुर विटांना टेकली की दिसेनाशी व्हायची. "आजी, बघ," तो सांगत होता, "या विटांखालून कोमट पाण्याच्या नळ्या गेल्यात. इथे बर्फ टिकतच नाही. मी साधे बूट घालून आलोय." पाणी किती गरम, नळ्या कशाच्या, मध्येच फुटली तर काय करतात, असं माझ्या मुलाने लगेच विचारायला सुरुवात केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुतण्याच्या मागून, त्या ओल्या विटांवरून, एक वयस्कर बाई काठी टेकत सावकाश चालली होती. दुसऱ्या हातात कागदी पिशवी. ती दिसेनाशी होईपर्यंत सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हतारी एकटीच चालून राह्यली? कोनी संग नाही तिच्या?"

पुतण्या हसून "हो आजी, इथे सगळे एकटेच फिरतात" म्हणाला आणि विषय दुसरीकडे गेला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. सासूबाई एकट्या फाटकाबाहेर पडायच्या थांबल्याला आता बराच काळ झाला. त्यांना कोणी मनाई केलेली नाही, गुडघेही तसे धड आहेत. पण दारातून रस्त्यावर उतरायचं म्हणजे आधी गटारीवरची हलती फरशी, मग कडेला लावलेल्या मोटारसायकली, मग भर वाहतुकीतून चालणं, कारण कडेची जागा कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात. हे झालं हिवाळ्याचं. मार्चच्या अखेरीपासून सकाळी दहानंतर रस्त्यावर पाय ठेवायची सोय नाही. सासूबाई पूर्वी रोज देवळात जायच्या, वाटेत भाजी घ्यायच्या, परतताना एका मैत्रिणीच्या ओट्यावर टेकायच्या. तो ओटा, ती भाजीवाली, देवळातल्या चार बायका, एवढंच त्यांचं घराबाहेरचं जग होतं, आणि ते एकदम नाही गेलं. आधी भाजी बंद झाली, मग ओटा, मग फक्त एकादशी, मग एकादशीलाही रिक्षा. आम्ही सगळे म्हणतो, आई आता थकल्या. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, आई थकल्या की रस्ता त्यांच्यासाठी उरला नाही, हे आम्ही नीट पाहिलेलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या नळ्यांच्या मागे लागले. मुलाने मदत केली, पुतण्याने तिथली माहिती पाठवली. हॉलंड हे मिशिगन सरोवराच्या काठाजवळचं गाव. हिवाळ्यात थंड वारं त्या मोठ्या सरोवरावरून येताना बाष्प उचलतं आणि काठावरच्या गावांवर बर्फ म्हणून टाकतं, म्हणून या पट्ट्यात तो जरा जास्तच पडतो. गावाचं स्वतःचं वीजकेंद्र होतं, कोळशावर चालणारं. केंद्र थंड ठेवण्यासाठी वापरलेलं पाणी कोमट होऊन शेजारच्या मॅकाटावा सरोवरात जायचं. १९८८ मध्ये बाजाराचा रस्ता नव्याने करायला घेतला, तेव्हा एडगर प्रिन्स नावाच्या तिथल्या उद्योजकाने आग्रह धरला, की एवीतेवी रस्ता खणताच आहात तर हे कोमट पाणी आधी रस्त्याखालून फिरवा. खर्च साधारण ११ लाख डॉलर; त्यातले अडीच लाख त्यानेच दिले. लोकांना शंका होत्या, त्या काळात शहराबाहेरच्या मॉलकडे गिऱ्हाईक वळत होतं आणि जुन्या बाजाराचं काय होणार हाच प्रश्न होता. तरी नळ्या पडल्या. प्लास्टिकच्या, बोटा-दीड बोटाच्या जाडीच्या, विटांखाली आणि डांबराखाली वेटोळी घालून बसवलेल्या. त्यांतून साधारण ३५ अंशांचं पाणी फिरतं. बाहेर उणे सहा-सात अंश असताना तासाला इंचभर बर्फ पडला तरी ते त्याला टिकू देत नाही. पुढे दर वेळी रस्ता दुरुस्तीला निघाला की नळ्यांचं जाळं थोडं थोडं वाढवत नेलं. आज शेकडो किलोमीटर नळी त्या छोट्या गावाच्या पोटात आहे, आणि गावाने स्वतः चालवलेली अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी व्यवस्था मानली जाते. कोळशाचं केंद्र आता बंद झालं. २०१७ मध्ये नैसर्गिक वायूवर चालणारं नवं केंद्र आलं, आणि ते बांधतानाच रस्त्याच्या नळ्यांचा हिशोब धरला होता.

३५ अंश हा आकडा वाचून मी थांबलेच. मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं. नळाखाली हात धरवत नाही. भांडी घासायची तर आधी पाणी बादलीत काढून निवायला ठेवावं लागतं. जेवढ्या उष्णतेने त्यांचा बाजार हिवाळाभर उघडा राहतो, तेवढी आमच्या डोक्यावर नुसती पडून असते आणि आम्ही तिच्यापासून तोंड लपवत फिरतो.

माझ्या माहेरी, रावेर तालुक्यात, चुलीला वैल होता, म्हणजे बाजूचं लहान तोंड. मोठ्या तोंडावर भाकरी व्हायच्या आणि आतून वळून आलेली धग वैलाखालून जायची. तिथे कधी दुधाचं पातेलं, कधी आंघोळीचं पाणी, कधी नुसती डाळ शिजत ठेवलेली. आई त्यासाठी वेगळं सरपण कधी घालायची नाही. भाकरीच्या जाळातच ते व्हायचं. हॉलंडच्या लोकांनी केलं ते एवढंच, वीज तयार करून झाल्यावरची धग वैलाकडे वळवली. फक्त त्यांचा वैल रस्त्याच्या लांबीचा.

आणि इथेच मला दीपनगरचं वीजकेंद्र आठवलं. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने लहानपणापासून कितीदा गेले असेन. आधी लांबून चिमण्या दिसायच्या, मग ते कमरेत बारीक आणि वर पसरलेले शीतक मनोरे, त्यांच्या तोंडातून सतत निघणारी पांढरी वाफ. आम्ही मुलं त्याला ढगांचा कारखाना म्हणायचो. कोळसा जाळून जेवढी उष्णता मिळते, तिच्यातली एक तृतीयांशाहून थोडी जास्त तेवढी विजेत येते. बाकीची काही धुराड्यातून जाते आणि बरीचशी त्या मनोऱ्यांतून, वाफ होऊन, आभाळात. ते पाणी तापीचं, हतनूर धरणाचं. म्हणजे तापीचं पाणी रोज ढग होऊन उडतं आणि सोबत केवढी तरी धग घेऊन जातं. मुलगा म्हणाला, ही उष्णता आपल्या काय कामाची, इथे कोणाला गरम रस्ते हवेत? त्याचं बरोबर आहे. खान्देशात रस्ते तापवायला वीजकेंद्र लागत नाही. शिवाय दीपनगरच्या भोवतालच्या गावांच्या वाट्याला धग नाही, राख येते. कपडे वाळत घालताना आधी दोरी पुसावी लागते हे तिथे दिलेल्या लेकी सांगतात. तरीही त्या वाफेकडे आता मला पूर्वीसारखं बघता येत नाही. एवढं काही रोज फुकट जातं आणि त्याचं काय होऊ शकलं असतं हा प्रश्न आपल्याकडे कोणाच्या मनातही येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण मग असंही वाटतं, की मनात येत नाही हे सगळ्यांसाठी खरं नाही. केळीवाल्यांच्या मनात तो कायम आला आहे.

खान्देशची थंडी बाहेरच्या माणसाला पटत नाही. आमची ओळख उन्हाची. पण डिसेंबर-जानेवारीत रावेर-यावलच्या शिवारात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, धुळ्याकडे तर आणखी खाली, आणि सातपुड्यात वर, डाबच्या बाजूला, गवतावरचं दव गोठल्याचे फोटो दर दोन-चार वर्षांनी पेपरात येतात. केळीला ही थंडी सोसत नाही. दहा अंशांखाली तिची वाढ थांबते. पानं पिवळी पडून करपतात, नव्या पानाची सुरळी उलगडत नाही, घड पोग्यातच अडकतो, आणि बाहेर आलेल्या घडातलं केळं पिकलं तरी साल काळपट, मळकी राहते. आमच्याकडे याला चरका म्हणतात. चरका पडला म्हणजे वर्षभराची मेहनत व्यापाऱ्याच्या एका नजरेत अर्ध्या भावाची होते. म्हणून थंडीच्या लाटेत नाना, माझे वडील, रात्री शेतात जायचे. बांधावर पालापाचोळा, केळीची वाळकी पानं, ओला काडीकचरा रचून धूर करायचे; ज्वाळा नको, धूर हवा, जमिनीलगत पसरून राहणारा. वाऱ्याच्या बाजूला आधीच शेवरी लावलेली असायची. आणि मध्यरात्रीनंतर विहिरीवरची मोटार सुरू करायचे.

हे पाणी देणं तहानेसाठी नसायचं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहतं. उन्हाळ्यात ते गार लागतं आणि हिवाळ्यात कोमट. वर हवा आठ-नऊ अंशांवर असताना विहिरीचं पाणी बागेत फिरलं की मुळांना ऊब मिळते आणि बागेतली हवाही अंश-दोन अंशांनी सावरते. नानांनी हे कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. मी एकदा हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले होते. टॉर्चच्या उजेडात दांडातलं पाणी वाफाळताना दिसत होतं. धुराचा वास, ओल्या मातीचा वास, दातावर दात वाजवणारी थंडी. नाना म्हणाले, "पाय टाक पान्यात." मी चप्पल काढली, पाय टाकला आणि उबेने अंगावर काटाच आला. अख्ख्या शिवारात तेवढी एकच गरम जागा होती, घोट्यापर्यंतची. शेतीची वीज रात्री यायची तेव्हा बाकीचं वर्षभर नाना तिला कंटाळलेले असत. साप, विंचू, अंधार, झोपमोड. पण चरक्याच्या रात्री ते म्हणायचे, आज रातची लाईट कामाची.

नंतर कळलं, की जपानमध्ये हेच पाणी रस्त्यावर सोडतात. निगाता प्रांतात नागाओका नावाचं शहर आहे, माणसाच्या उंचीइतका बर्फ पडणाऱ्या भागातलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रस्त्याच्या मधोमध भोकं असलेला पाइप पुरला आणि त्यातून भूजल शिंपडायला सुरुवात केली. तिथलं भूजल तेरा-चौदा अंशांचं, आपल्या हिशोबाने थंडगार. पण बर्फाला तेवढंही पुरतं. ना वीजकेंद्र, ना बॉयलर, नुसती मोटार आणि पाइप. पाण्यातल्या लोहामुळे त्या रस्त्यांवर तांबूस डाग पडलेले असतात. पुतण्याने पाठवलेल्या फोटोत अख्खा रस्ता गंजल्यासारखा दिसतो. तो बघताना मला दांडातला पाय आठवला. ज्याने पहिल्यांदा जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याच्या भोवतीचा बर्फ विरघळलेला पाहिला असेल, तो आणि नानांचे वडील, दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती.

त्या कहाणीचा पुढचा भाग मात्र वाचवत नाही. ही युक्ती सोपी होती म्हणून सगळीकडे पसरली. गावोगावी बोअर, गावोगावी पाइप. हिवाळ्यात एकाच वेळी सगळे उपसायला लागले, पाण्याची पातळी उतरली आणि निगातातल्या काही भागांत जमीनच खचू लागली. मग बर्फ ओळखणारी यंत्रं लावली, पाणी हवं तेव्हाच सुटेल असं केलं, काही ठिकाणी पाणी वर न शिंपडता रस्त्याखालून फिरवून पुन्हा जमिनीत सोडायला सुरुवात केली. आमच्याकडे यावल-रावेरच्या पट्ट्यात पाण्याचं काय झालं ते केळी लावणाऱ्या कोणालाही विचारा. नानांच्या त्या विहिरीत आता पाणी नाही. तिच्यात आडवे बोअर मारले, मग शेजारी उभं बोअर घेतलं, मग त्याहून खोल दुसरं. सातपुड्याच्या पायथ्याची ती जमीन पावसाचं पाणी आत घेणारी, गोट्या-वाळूची, आणि तिच्यातूनच आम्ही सगळ्यांनी सगळं काढलं. तापीचं पुराचं पाणी तिथे मुरवायच्या मोठ्या योजनेबद्दल मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. चरक्याच्या रात्री बागेत पाणी फिरवायचं तर आधी पाणी हवं. भाऊ आता ठिबकवर बाग करतो, घडांना पिशव्या घालतो. तो म्हणतो, दांडाने पाणी भरायचे दिवस गेले. ते जायला हवेच होते, हे मलाही कळतं. पण त्या पाण्यात टाकलेला पाय मला विसरता येत नाही, आणि ते पाणी आमच्या पिढीने संपवलं हेही.

म्हणून हॉलंडच्या त्या ओल्या विटांकडे बघून नुसतं भारावून जाणं मला जमत नाही. उघड्या आभाळाखालची जमीन हिवाळाभर तापवायची, हे मूळ विचारातच केवढं मोठं आहे. वाया जाणारी धग वापरली तर ती शहाणपणाची गोष्ट. पण त्यासाठी मुद्दाम इंधन जाळायचं ठरलं तर तिचा हिशोब बदलतो. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये घरं जमिनीतल्या गरम पाण्याने उबदार ठेवतात आणि घरं तापवून परतलेलं, पस्तीसेक अंशांवर आलेलं पाणी फुटपाथखालून नेतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात क्लॅमथ फॉल्स इथे १९४८ मध्येच एका चढाच्या रस्त्याखाली जमिनीतल्या उष्णतेवर अशा नळ्या टाकल्या होत्या. ही उदाहरणं वाचताना मला चोपडा तालुक्यातलं उनपदेव आठवलं. अडावदच्या वर, सातपुड्याच्या कुशीत, गोमुखातून पडणारं गरम पाणी. रामाने बाण मारून ते काढलं असं सांगतात. पौषात तिथे लोक आंघोळीला जातात. लहानपणी आम्हीही बैलगाडीने गेलो होतो, आणि कुडकुडणाऱ्या पहाटे त्या धारेखाली उभं राहिल्यावर आजीने हात जोडले होते. जमिनीने दिलेली ऊब आमच्याकडे देवाची असते. तिकडे ती नगरपालिकेची आहे, आणि काठी टेकत चालणाऱ्या बाईच्या पायापर्यंत पोचते. दोन्ही मला आवडतं. पण सासूबाईंच्या बाजूने विचार केला तर मला दुसरं जास्त हवं आहे.

त्या माहितीत मला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर ते मीठ. बर्फ हटवायची तिकडची नेहमीची रीत म्हणजे मीठ टाकायचं. ते काँक्रीट खातं, लोखंड खातं, झाडांच्या मुळांना बाधतं, वाहून सरोवरात जातं. पुतण्या सांगत होता, की दुसऱ्या गावांत गाड्यांसाठी रस्ता साफ करणारं यंत्र आधी फिरतं आणि बर्फ कडेला ढकलतं, आणि कडेला म्हणजे फुटपाथवर. गाड्या धावू लागतात, चालणाऱ्याच्या वाटेत गुडघाभर ढीग. मग तो ढीग दुकानदाराने किंवा घरमालकाने उपसायचा. उपसला तर. बर्फात पडून मनगट मोडणं, खुबा मोडणं ही तिकडे म्हाताऱ्या माणसांची हिवाळ्यातली कायमची भीती. नळ्यांच्या रस्त्यावर मात्र गाडी आणि माणूस दोघांनाही एकाच वेळी मोकळी वाट मिळते. फुटपाथ नंतर बघू, असं कोणी म्हणालेलं नाही. आमच्याकडे कुठलाही रस्ता होताना मी हेच वाक्य ऐकत आले आहे.

धुळे-जळगाव-भुसावळचा हायवे चौपदरी नव्हता तेव्हा त्याच्या दोन्ही कडांना कडूनिंब होते, चिंचा होत्या, काही ठिकाणी वड. बसच्या खिडकीतून सावल्यांचे पट्टे अंगावरून सरकत जायचे. ऊन, सावली, ऊन, सावली. पारोळ्याच्या, एरंडोलच्या पुढे एप्रिलच्या दुपारीही त्या झाडांखाली टरबुजं घेऊन बसलेली माणसं दिसायची, सायकल टेकवून टोपी तोंडावर घेऊन झोपलेला एखादा. पायी जाणारा कोणीही एका सावलीतून दुसऱ्या सावलीत असा कितीतरी लांब जाऊ शकत होता. ती झाडं लावताना कोणीतरी नक्कीच चालणाऱ्याचा विचार केला होता, कारण तेव्हा बहुतेक सगळे चालतच होते. रस्ता रुंद व्हायला हवा होता, अपघात किती व्हायचे ते माहीत आहे. पण झाडं गेली आणि त्यांच्या जागी जी लागली ती दुभाजकात लागली. दुभाजकातल्या झाडाची सावली कोणाच्या अंगावर पडते? दोन्हीकडच्या गाड्यांच्या टपांवर.

मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आमच्याकडे डांबर मऊ होतं. चपलेचा तळ चिकटतो. हवा तर तापलेली असतेच, पण खालून येणारी धग आणखी वेगळी. ती साडीच्या निऱ्यांतून वर चढते, पोटऱ्या भाजतात. डोक्याला रुमाल, हातात छत्री, पर्समध्ये कांदा, सगळं करून बाहेर पडलेली बाई शंभर पावलांवर आसरा शोधू लागते आणि आसरा म्हणजे एखाद्या बंद दुकानाचं शटर. तेही तापलेलं. रात्री अकराला रस्ता अजून ऊन ओकत असतो. दिवसभर साठवलेली ती उष्णता सावलीत नसलेल्या प्रत्येक डांबरी पट्टीतून आमच्या भिंतींवर येते, आणि मग घराघरात कूलर सुरू होतात, त्यांची वीज दीपनगरहून येते, आणि तिथले मनोरे आणखी वाफ सोडतात. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे हे मला त्या पस्तीस अंशांच्या आकड्याने दाखवलं.

तिकडे बर्फ, इकडे ऊन. पण आपल्याच दारातून बाहेर पडता न येणं तेच.

माझं म्हणणं इतकंच आहे, की हॉलंडमध्ये आधी नळ्या आल्या नाहीत. आधी कोणालातरी बाजारातून चालत जाणारं माणूस दिसलं, ते घसरताना दिसलं, आणि मग जवळ वाया काय जातंय याचा शोध झाला. आपल्याकडे वाया जाणारं कमी नाही. न्हाणीचं, धुण्याचं, आरओचं, कूलर धुतल्याचं पाणी रोज गटारीत जातं. एका कडूनिंबाला पहिली दोन वर्षं जगायला त्यातलं किती लागेल? तिसऱ्या वर्षापासून तो स्वतःचं स्वतः बघतो. आमच्या घरापासून देवळापर्यंतच्या रस्त्याला गरम नळ्या नकोत, कुठलं यंत्रही नको. सलग सपाट वाट हवी, तिच्यावर सावली हवी, मध्ये टेकायला एक ओटा आणि एक रांजण. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "अन् गाड्या कोठी लावतीन लोकं?" त्यांना आधी लोकांच्या गाड्यांची काळजी. आयुष्यभर कडेने चालायची सवय झालेली बाई आपल्यासाठी जागा मागतच नाही. तिच्यासाठी ती दुसऱ्याने मागावी लागते.

तेव्हा मागायला सुरुवात केली आहे. कॉलनीच्या बैठकीत विषय काढला. गाड्यांवरून बोलाचाली झाली. ती होणारच होती आणि पुन्हा होईल. पण देवळाच्या बाजूला कडेची जागा मोकळी ठेवायला तिथले चारही घरमालक तयार झाले, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने रांजण भरायचं अंगावर घेतलं. गटारीवरची फरशी आम्हीच बसवून घेतली. झाडांचं भाऊ सांगतो तसं करायचं ठरलं: खड्डे एप्रिलमध्येच घ्यायचे, हात-दीड हात खोल, आणि महिना-दीड महिना उघडे ठेवून उन्हात चांगले तापू द्यायचे. आमच्या उन्हाने मातीतली हुमणी, वाळवी, रोगट बुरशी बरीच मरते. शेतकरी झाड लावायच्या आधी हे करतातच. मग मृगाचा पाऊस पडला की शेणखत घालून रोप. कोणत्या झाडाला कोणाच्या न्हाणीचं पाणी जाईल तेही वाटून झालं आहे. फक्त शाळेच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात कोणाचंच घर नाही, तिथल्या रोपांना उन्हाळाभर पाणी कोण घालणार हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा बसतो आहोत.